सी.के. नायडू

कोट्टारी कनकय्या नायडू ऊर्फ सी.के. नायडू (जन्म : नागपूर, ३१ ऑक्टोबर, इ.स. १८९५, मृत्यू : इंदूर, १४ नोव्हेंबर, इ.स. १९६७) हे भारतीय क्रिकेटपटू आणि भारताच्या कसोटी संघाचे पहिले कर्णधार होते. ते उजव्या हाताने फलंदाजी करीत आणि उजव्याच हाताने संथ मध्यमगती गोलंदाजी करीत. इ.स. १९३२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर भारत आपला पहिला अधिकृत कसोटी सामना खेळला, तेव्हा संघाचे नेतृत्व नायडूंकडे होते. इ.स. १९१६ ते इ.स. १९६३ अशा सत्तेचाळीस वर्षांच्या काळात त्यांनी प्रथम श्रेणीचे २०७ सामने खेळून ११,८२५ धावा केल्या आणि ४११ बळी मिळविले. इ.स. १९५६ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला.

संस्थानिकांच्या पैशावर आणि मर्जीवर चालणाऱ्या तत्कालीन भारतीय क्रिकेटमध्ये कर्णधारपद हे बहुधा राजघराण्यातील व्यक्तीकडेच जात असे. नायडू हे राजघराण्यातील नव्हते. त्यांची निवड, पुढे त्यांना डावलले जाणे आणि त्यानंतरही दोन दशके त्यांनी चालू ठेवलेला खेळ यांमुळे त्यांचे चरित्र हे खेळातील गुणवत्ता आणि सामाजिक प्रतिष्ठा यांच्यातील संघर्षाचा इतिहासही ठरते.

घराणे आणि बालपण

नायडूंचे घराणे मूळचे तेलुगू भाषक. कोट्टारी हे घराण्याचे नाव असून इंग्रजीत ते 'सी' या अक्षराने लिहिले जाई, त्यामुळे 'सी.के.' ही आद्याक्षरे रूढ झाली आणि पुढे क्रिकेटच्या जगात ते याच नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांचे आजोबा नारायणस्वामी नायडू हे नागपुरातील वकील व जमीनदार होते. राष्ट्रीय सभेच्या सुरुवातीच्या काळातील कार्यकर्त्यांत त्यांची गणना होते. वडील सूर्यप्रकाशराव नायडू यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे झाले. प्रसिद्ध क्रिकेटपटू रणजितसिंहजी हे तेथे त्यांचे समकालीन होते. स्वदेशी परतल्यावर सूर्यप्रकाशरावांनी वकिली केली आणि काही वर्षे होळकर संस्थानात न्यायाधीशपदही सांभाळले. अशा रीतीने घरात क्रिकेटची आवड आणि इंदूरशी संबंध या दोन्ही गोष्टी सी.के. मोठे होण्याआधीच आल्या होत्या.

सी.के. यांचे शालेय शिक्षण नागपुरातील सेंट फ्रान्सिस डी सेल्स हायस्कूल आणि हिस्लॉप कॉलेजिएट हायस्कूल येथे झाले. हिस्लॉपच्या शाळेत असताना ते शाळेच्या क्रिकेट संघाचे कर्णधार होते. पुढे ते नागपूरच्या मोदी क्रिकेट क्लबकडून खेळू लागले. त्या काळी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांताची राजधानी होती. मुंबईच्या मैदानांवर गाजल्याशिवाय प्रांतातील खेळाडूचे नाव देशभर होत नसे.

धाकटे बंधू सी.एस. नायडू (इ.स. १९१४–२००२) हेही नागपुरात जन्मले. लेगस्पिन गोलंदाज म्हणून ते भारताकडून ११ कसोटी सामने खेळले.

मुंबईचे चौरंगी सामने आणि पदार्पण

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातील सर्वांत प्रतिष्ठेची क्रिकेट स्पर्धा मुंबईत भरत असे. इ.स. १८९२ पासून पारशी विरुद्ध युरोपियन असे सामने होत. इ.स. १९०७ साली हिंदू संघ आल्यावर ते तिरंगी झाले, इ.स. १९१२ साली मुसलमान संघ आल्यावर चौरंगी आणि इ.स. १९३७ साली 'उर्वरित' संघाच्या प्रवेशानंतर पंचरंगी झाले. संघ धर्मानुसार केलेले असल्याने या स्पर्धेवर पुढे कठोर टीका झाली आणि इ.स. १९४६ नंतर ती बंद पडली. मात्र इ.स. १९३४ साली रणजी करंडक स्पर्धा सुरू होईपर्यंत भारतीय खेळाडूची खरी कसोटी याच मैदानावर लागत असे.

नायडूंनी इ.स. १९१६ साली हिंदू संघाकडून युरोपियन संघाविरुद्ध प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. ते फलंदाजीस आले तेव्हा हिंदू संघाची अवस्था ७ बाद ७९ अशी बिकट होती. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे अडविले आणि चौथ्या चेंडूवर षटकार मारला. पुढील अनेक वर्षे हिंदू संघाचा आधारस्तंभ म्हणून त्यांच्याकडे पाहिले जात असे.

त्यांच्या उमेदीच्या काळातच हिंदू संघात कर्णधारपदाचा एक महत्त्वाचा वाद घडून गेला. बाळू पालवणकर हे त्या काळचे भारतातील श्रेष्ठ गोलंदाज होते. परंतु जातीमुळे त्यांना संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. पुढे त्यांचे बंधू पी. विठ्ठल यांना ते इ.स. १९२३ साली मिळाले. संघाचे नेतृत्व कोणी करावे, हे खेळावरून ठरावे की जन्मावरून, हा प्रश्न भारतीय क्रिकेटमध्ये असा आधीपासूनच उभा होता. नायडूंच्या वाट्याला तो वेगळ्या स्वरूपात आला.

इंदूर आणि होळकर दरबार

इ.स. १९२३ साली होळकर संस्थानाचे अधिपती तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी नायडूंना इंदूरला बोलावून घेतले आणि आपल्या सैन्यात कॅप्टनच्या हुद्द्यावर नेमले. पुढे ते कर्नल झाले. म्हणूनच त्यांच्या नावाने चालणाऱ्या पुरस्काराच्या नावात आजही 'कर्नल' हा शब्द आढळतो.

अशा नेमणुका त्या काळी सर्रास होत. खेळातून उपजीविका करण्याची अन्य सोय नव्हती. पतियाळा, बडोदा, नवानगर, होळकर यांसारखी संस्थाने उत्तम खेळाडूंना पदरी ठेवून त्यांच्या चरितार्थाची व्यवस्था करीत. तुकोजीरावांनंतर इ.स. १९२६ साली गादीवर आलेल्या यशवंतराव होळकर (दुसरे) यांनीही हा आश्रय कायम ठेवला. इंदूर हे नायडूंचे दुसरे घर झाले. तेथे त्यांनी तरुण खेळाडू हेरून त्यांना घडविण्याचे काम हाती घेतले. पुढे भारताचे सलामीचे फलंदाज म्हणून गाजलेले सय्यद मुश्ताक अली हे त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाले.

मुंबई जिमखान्यावरील १५३ धावा (१९२६)

इ.स. १९२६-२७ च्या हंगामात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबचा (एम.सी.सी.) संघ भारताच्या दौऱ्यावर आला. मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाविरुद्ध खेळताना या संघाने ३६३ धावा केल्या. त्यांत गाय अर्ल यांच्या आठ षटकारांसह १३० धावा होत्या.

दुसऱ्या दिवशी, १ डिसेंबर १९२६ रोजी, नायडू फलंदाजीस आले आणि त्यांनी अवघ्या ११६ मिनिटांत १५३ धावा काढल्या. या खेळीत ११ षटकार होते. म्हणजे ६६ धावा केवळ षटकारांच्या. खेळ पाहण्यासाठी मैदानाभोवती लोटलेली गर्दी सामना चालू असतानाच वाढत गेली. हिंदू संघाने ३५६ धावा केल्या आणि सामना अनिर्णित राहिला. पाहुण्या संघाने नायडूंना चांदीची बॅट भेट दिली.

या खेळीचे महत्त्व धावांपुरते नव्हते. त्याच दौऱ्यात पुण्याचे प्रा. दि.ब. देवधर यांनीही अखिल भारतीय संघाकडून एम.सी.सी.विरुद्ध १४८ धावा केल्या. भारतीय खेळाडू इंग्लंडच्या उत्तम गोलंदाजांशी बरोबरीने खेळू शकतात, हे या दोन खेळ्यांनी दाखवून दिले. स्वतः गिलिगन यांनी भारतीय क्रिकेटची मध्यवर्ती संघटना उभारण्यास उत्तेजन दिले. डिसेंबर १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली आणि भारताला कसोटी सामने खेळण्याचा मार्ग मोकळा झाला. इ.स. १९३०-३१ साली ठरलेला एम.सी.सी.चा भारत दौरा सविनय कायदेभंगाच्या चळवळीमुळे रद्द झाल्याने पहिल्या कसोटीसाठी मात्र इ.स. १९३२ पर्यंत थांबावे लागले.

इंग्लंडचा दौरा आणि पहिली कसोटी (१९३२)

इ.स. १९३२ च्या दौऱ्यासाठी संघाचे कर्णधारपद प्रथम पतियाळाच्या महाराजांकडे होते. त्यांनी माघार घेतल्यावर ते पोरबंदरचे महाराज नटवरसिंहजी यांच्याकडे आले आणि लिंबडीचे घनश्यामसिंहजी उपकर्णधार झाले. निरनिराळ्या प्रांतांतील, धर्मांतील आणि संस्थानांतील खेळाडू एकत्र ठेवायचे तर प्रमुख राजघराण्यातीलच हवा, अशी त्यामागील धारणा होती.

नटवरसिंहजींच्या फलंदाजीची मर्यादा दौऱ्यात लवकरच स्पष्ट झाली आणि त्यांनी ती प्रांजळपणे ओळखलीही. कसोटीच्या वेळी घनश्यामसिंहजी दुखापतीमुळे उपलब्ध नव्हते. तेव्हा महाराजांनी स्वतः बाजूला होऊन नेतृत्व नायडूंकडे सोपविले. संघातील काही खेळाडूंना हा निर्णय रुचला नव्हता. समान दर्जाच्या माणसाच्या आज्ञेत खेळणे त्यांना जड जात होते. नायडूंचा कडक शिस्तीचा स्वभावही या नाराजीस काही अंशी कारणीभूत होता. तथापि निर्णय बदलला नाही आणि २५ जून १९३२ रोजी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी नायडू भारताचे पहिले कसोटी कर्णधार म्हणून लॉर्ड्सच्या मैदानात उतरले.

इंग्लंडचे कर्णधार डग्लस जार्डिन यांनी नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. मोहम्मद निसार यांच्या वेगवान गोलंदाजीपुढे हर्बर्ट सटक्लिफ व पर्सी होम्स यांचे त्रिफळे उडाले, लाल सिंग यांच्या चपळ क्षेत्ररक्षणामुळे फ्रँक वुली धावचीत झाले आणि इंग्लंडची स्थिती ३ बाद १९ अशी झाली. जार्डिन (७९) व लेस्ली एम्स (६५) यांनी डाव सावरला आणि इंग्लंडने २५९ धावा केल्या. निसार यांनी ९३ धावांत ५ बळी घेतले.

भारताच्या वतीने पहिला चेंडू जनार्दन नवले या मराठी यष्टीरक्षक-फलंदाजाने खेळला. भारताचा डाव १८९ धावांत आटोपला. त्यांत नायडूंच्या ४० धावा सर्वाधिक होत्या. क्षेत्ररक्षण करताना हाताला झालेली दुखापत सोसून त्यांनी ही फलंदाजी केली होती. दुसऱ्या डावात इंग्लंडने ८ बाद २७५ वर डाव घोषित केला. भारत १८७ धावांत सर्वबाद झाला. अमरसिंह यांनी ५१ धावा करून भारताचे पहिले कसोटी अर्धशतक नोंदविले. इंग्लंडने सामना १५८ धावांनी जिंकला. पराभव झाला तरी नवख्या संघाची गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षण यांची इंग्लंडमध्ये प्रशंसा झाली.

दौऱ्यातील अन्य सामन्यांत नायडूंनी मोठे यश मिळविले. लॉर्ड्सवरच एम.सी.सी.विरुद्ध त्यांनी नाबाद ११८ धावा केल्या. बर्मिंगहॅम येथे वॉरविकशायरविरुद्ध त्यांनी १६२ धावा केल्या. तेथील एका षटकाराचा चेंडू मैदानालगतची री नदी ओलांडून शेजारच्या परगण्यात जाऊन पडल्याची कथा आजही सांगितली जाते. संपूर्ण दौऱ्यात प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी ४०.४५ च्या सरासरीने १,६१८ धावा केल्या, ३२ षटकार मारले आणि ६५ बळी मिळविले. या कामगिरीबद्दल 'विस्डेन' या क्रिकेट वार्षिकाने इ.स. १९३३ च्या आवृत्तीत वर्षातील पाच सर्वोत्तम खेळाडूंमध्ये त्यांची निवड केली. त्यापूर्वी रणजितसिंहजी, दुलीपसिंहजी आणि पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान यांना हा मान मिळाला होता. परंतु ते तिघेही त्या वेळी इंग्लंडमधील क्रिकेट खेळणारे होते. भारताच्या संघाकडून खेळून हा मान मिळविणारे नायडू हे पहिलेच.

मायदेशातील पहिली कसोटी मालिका (१९३३-३४)

इ.स. १९३३-३४ साली जार्डिन यांचा संघ भारतात आला. भारतीय भूमीवरील पहिला कसोटी सामना १५ डिसेंबर १९३३ पासून मुंबई जिमखान्यावर खेळला गेला. या मालिकेत तिन्ही सामन्यांसाठी नायडू कर्णधार होते.

मुंबईच्या कसोटीत भारत पहिल्या डावात २१९ धावांत बाद झाला आणि इंग्लंडने ४३८ धावा केल्या. दुसऱ्या डावात आपला पहिलाच कसोटी सामना खेळणाऱ्या लाला अमरनाथ यांनी ११८ धावा काढून भारताचे पहिले कसोटी शतक झळकाविले. समोरच्या टोकाला नायडू होते. त्यांनी ६७ धावा केल्या आणि दोघांनी तिसऱ्या गड्यासाठी १८६ धावांची भागीदारी केली. ही जोडी फुटल्यावर भारताचा डाव २५८ धावांत संपला आणि इंग्लंडने सामना नऊ गडी राखून जिंकला. कलकत्त्याचा दुसरा सामना अनिर्णित राहिला. याच सामन्यात सी.एस. नायडू यांनी कसोटी पदार्पण केले, त्यामुळे दोघे बंधू एकत्र खेळले. मद्रासचा तिसरा सामना भारताने २०२ धावांनी गमावला.

कर्णधार म्हणून नायडूंच्या वाट्याला एकूण चार कसोटी सामने आले. त्यांपैकी तीन सामन्यांत पराभव झाला व एक अनिर्णित राहिला. यानंतर भारताच्या कसोटी संघाचे नेतृत्व त्यांना पुन्हा मिळाले नाही.

कर्णधारपदाचा वाद आणि १९३६ चा दौरा

इ.स. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी पतौडीच्या नवाबांचे नाव पुढे आले होते. त्यांनी माघार घेतल्यावर नायडू आणि विजयनगरमचे महाराजकुमार विजय आनंद (विझी) यांच्यात निवड करावयाची वेळ आली. खेळाच्या दृष्टीने या दोघांत तुलना होण्यासारखी नव्हती. परंतु मंडळातील मते विझींकडे वळली आणि ते कर्णधार झाले. तीन कसोटींतील सहा डावांत विझींनी एकूण ३३ धावा केल्या. याच दौऱ्याच्या काळात त्यांना 'सर' हा किताबही मिळाला.

हा दौरा भारतीय क्रिकेटच्या इतिहासात गटबाजीसाठी कुप्रसिद्ध आहे. संघात कर्णधाराच्या मर्जीतील आणि नायडूंच्या बाजूचे असे तट पडले. बेशिस्तीचा ठपका ठेवून लाला अमरनाथ यांना पहिल्या कसोटीपूर्वीच मायदेशी परत पाठविण्यात आले. मालिकेतील दोन सामने इंग्लंडने जिंकले आणि मँचेस्टरचा सामना अनिर्णित राहिला. तेथे विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी सलामीला २०३ धावांची भागीदारी केली. नायडूंनी इंदुरात घडविलेला खेळाडू परदेशी भूमीवर शतक करणारा पहिला भारतीय ठरला.

ऑगस्ट १९३६ मधील ओव्हलच्या कसोटीत इंग्लंडने वॉल्टर हॅमंड यांच्या २१७ धावांच्या जोरावर ८ बाद ४७१ अशी मजल मारली आणि भारतावर २२२ धावांनंतर पाठोपाठ दुसऱ्यांदा फलंदाजी करण्याची वेळ आली. दुसऱ्या डावात गब्बी ॲलन यांचा एक वेगवान चेंडू नायडूंच्या छातीच्या भागावर जोरात आदळला. वेदना असह्य असूनही त्यांनी मैदान सोडले नाही आणि ८१ धावा केल्या. भारताने ३१२ धावा काढून डावाचा पराभव टाळला. इंग्लंडने सामना नऊ गडी राखून जिंकला. वयाच्या चाळिसाव्या वर्षी केलेल्या या ८१ धावा ही नायडूंची कसोटीतील सर्वोच्च धावसंख्या होय. तोच त्यांचा अखेरचा कसोटी सामनाही ठरला.

होळकर संघाचे सुवर्णयुग

कसोटी कारकीर्द संपली तेव्हा नायडूंच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी कालखंड अद्याप यायचा होता. रणजी करंडकात इंदूरचा संघ सुरुवातीला मध्य भारत (सेंट्रल इंडिया) या नावाने आणि इ.स. १९४१-४२ पासून होळकर या नावाने खेळू लागला. नायडूंच्या नेतृत्वाखाली या संघाने मुंबई व बडोदा या बलाढ्य संघांना आव्हान दिले. इ.स. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि इ.स. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असा चार वेळा विजेता ठरला.

या संघात मुश्ताक अली, सी.एस. नायडू, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे, हिरालाल गायकवाड असे खेळाडू होते. त्यांतील अनेक जण मराठी होते. महाराष्ट्राबाहेरील मराठी संस्थानाने उभारलेला हा संघ त्या काळी मराठी वाचकांच्याही कौतुकाचा विषय होता.

होळकर संघाचे काही सामने आकड्यांमुळे अविस्मरणीय ठरले आहेत. इ.स. १९४४-४५ च्या मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात दोन्ही संघांनी मिळून २,०७८ धावा केल्या. महायुद्धाच्या निमित्ताने महू येथे लष्करी सेवेत असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन होळकरकडून खेळले आणि त्यांनी नाबाद २४९ धावा केल्या. सी.एस. नायडू यांनी त्या सामन्यात ९१७ चेंडू टाकले. तरीही होळकर संघ ३७४ धावांनी हरला. पुढच्याच हंगामात, इ.स. १९४५-४६ मध्ये, म्हैसूरविरुद्धच्या उपांत्य सामन्यात होळकर संघाने ८ बाद ९१२ धावा केल्या. या एकाच डावात सहा फलंदाजांनी शतके काढली आणि त्यांत १०१ धावा करणारे पन्नास वर्षांचे कर्णधारही होते. अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध नायडूंनी २०० धावा केल्या. ही त्यांच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीतील सर्वोच्च धावसंख्या होय. होळकर संघाने तो सामना ५६ धावांनी जिंकून प्रथमच रणजी करंडक पटकाविला.

संस्थाने विलीन झाल्यानंतर राजाश्रय आटत गेला आणि इ.स. १९५४-५५ च्या हंगामानंतर होळकर संघ इतिहासजमा झाला. त्याची जागा पुढे मध्य भारत व नंतर मध्य प्रदेश या संघांनी घेतली.

खेळाची शैली आणि स्वभाव

उंच, सडपातळ आणि ताठ शरीरयष्टी हे नायडूंचे वैशिष्ट्य होते. मनगटापेक्षा खांद्यांच्या ताकदीवर आणि पायांच्या जलद हालचालीवर त्यांचे फटके अवलंबून असत. पुढे सरसावून गोलंदाजाच्या डोक्यावरून सरळ मारलेला षटकार हा त्यांचा हुकमी फटका होता. ते उत्कृष्ट क्षेत्ररक्षक होते. गोलंदाजीत वेगापेक्षा अचूकतेवर आणि चेंडू वळविण्यावर त्यांचा भर असे.

शारीरिक क्षमतेबद्दल ते अत्यंत आग्रही होते. वेदना दाखविणे त्यांना कमीपणाचे वाटे. पन्नाशी उलटल्यानंतर मुंबईविरुद्धच्या एका सामन्यात दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात पडले. तेव्हा खेळपट्टीवरील दात बाजूला सारून त्यांनी फलंदाजी पुढे चालू ठेवली, असे सांगितले जाते.

हीच अपेक्षा ते सहकाऱ्यांकडूनही करीत. सरावातील कसूर, वेळेचा विलंब किंवा क्षेत्ररक्षणातील ढिलाई ते खपवून घेत नसत. होळकर संघाला या शिस्तीचा मोठा फायदा झाला. मात्र भारताच्या संघात, जेथे खेळाडू वेगवेगळ्या आश्रयदात्यांशी बांधलेले होते, तेथे याच स्वभावामुळे त्यांना विरोधकही निर्माण झाले. ते मनमोकळे नव्हते आणि लोकसंग्रह करण्याची कला त्यांच्याकडे कमी होती, हे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागते. त्यांना डावलले जाण्यामागे संस्थानिकांचे राजकारण हे मुख्य कारण असले, तरी या स्वभावाचाही त्यात वाटा होता.

त्यांची लोकप्रियता मैदानापुरती नव्हती. इ.स. १९४१ साली बाथगेट कंपनीच्या यकृतावरील औषधाच्या जाहिरातीत ते झळकले. एखाद्या उत्पादनाची जाहिरात करणारे ते पहिले भारतीय क्रिकेटपटू मानले जातात.

उत्तरायुष्य

होळकर संघानंतरही नायडूंनी खेळ सोडला नाही. इ.स. १९५३-५४ च्या हंगामात रणजी करंडकात नव्याने आलेल्या आंध्र संघाकडून ते खेळले. इ.स. १९५६-५७ साली त्यांनी उत्तर प्रदेशचे नेतृत्व केले. उत्तर प्रदेशच्या क्रिकेटची सूत्रे त्या वेळी विझींकडे होती. वीस वर्षांपूर्वी ज्यांच्यामुळे कर्णधारपद हुकले, त्यांच्याच प्रांतासाठी नायडू कर्णधार म्हणून मैदानात उतरले. त्या हंगामात राजस्थानविरुद्ध, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी ८४ धावा केल्या. रणजी करंडकातील हा त्यांचा शेवटचा हंगाम होय. त्यानंतर इ.स. १९६३-६४ मध्ये मदतनिधीसाठी झालेल्या एका प्रथम श्रेणी सामन्यात ते खेळले तेव्हा त्यांचे वय अडुसष्ट वर्षांचे होते.

क्रिकेटच्या कारभारातही त्यांनी भाग घेतला. भारतीय निवड समितीचे अध्यक्षपद आणि नियामक मंडळाचे उपाध्यक्षपद त्यांनी भूषविले. काही काळ त्यांनी आकाशवाणीवरून सामन्यांचे समालोचनही केले. त्यांची कन्या चंद्रा नायडू या इंदुरात इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या. क्रिकेट समालोचन करणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांत त्यांची गणना होते. त्यांनी वडिलांच्या आठवणींचे पुस्तकही लिहिले आहे.

१४ नोव्हेंबर १९६७ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, इंदूर येथे नायडूंचे निधन झाले.

कारकीर्द आकड्यांत

• कसोटी सामने : ७ सामने, १४ डाव, ३५० धावा, सरासरी २५.००, सर्वोच्च ८१, अर्धशतके २, बळी ९.
• कर्णधार म्हणून कसोटी : ४ सामने, ३ पराभव, १ अनिर्णित.
• प्रथम श्रेणी : २०७ सामने, ११,८२५ धावा, सरासरी ३५.९४, शतके २६, सर्वोच्च २००, बळी ४११, गोलंदाजीची सरासरी २९.२८.

केवळ कसोटीतील आकडे पाहिले तर आजच्या वाचकाला नायडूंच्या कीर्तीचे आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. भारताला कसोटीचा दर्जा मिळाला तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते आणि त्यांच्या ऐन भरातील जवळजवळ सारा खेळ त्यापूर्वीच होऊन गेला होता, ही गोष्ट त्यासाठी ध्यानात घ्यावी लागते. चार वर्षांत भारत फक्त सात कसोटी सामने खेळला आणि ते सातही सामने नायडू खेळले.

सन्मान आणि स्मृती

• इ.स. १९३३ : 'विस्डेन'च्या पाच सर्वोत्तम खेळाडूंत निवड.
• इ.स. १९५६ : पद्मभूषण. हा किताब मिळविणारे ते पहिले क्रिकेटपटू होत.
• इ.स. १९७३-७४ पासून तरुण खेळाडूंसाठी सी.के. नायडू करंडक ही राष्ट्रीय स्पर्धा खेळविली जाते.
• इ.स. १९९४ पासून भारतीय क्रिकेट नियामक मंडळ कर्नल सी.के. नायडू जीवनगौरव पुरस्कार देते. पहिले मानकरी लाला अमरनाथ होते.
• इ.स. १९९६ साली भारतीय टपाल खात्याने दि.ब. देवधर, विनू मांकड, विजय मर्चंट यांच्यासह नायडूंचे टपाल तिकीट काढले.

नायडूंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मगावी नागपुरात पहिला कसोटी सामना खेळला गेला. नागपूरच्या विदर्भ संघाला रणजी करंडकासाठी मात्र दीर्घकाळ वाट पाहावी लागली. इ.स. २०१७-१८ च्या हंगामात दिल्लीला हरवून विदर्भाने हा करंडक प्रथमच जिंकला. तो अंतिम सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर झाला होता.